रपट्याच्या अलीकडे

आमच्या घराचा आणि दिल्लीच्या सरकारचा तसा काही संबंध नव्हता. कामरगावच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान, दुकानामागेच राहतं घर आणि घरात माणसं तीन. सासरे, माझा नवरा आणि मी. सासूबाई माझं लग्न व्हायच्या आधीच गेलेल्या. पण एक्काहत्तरच्या निवडणुकीत सासऱ्यांना काय सुचलं कोण जाणे, ते एका उमेदवाराच्या मागे हात धुऊन लागले. दुकानाचं अर्धं शटर ओढून गावोगाव फिरले, घसा बसेपर्यंत बोलले, आणि तो उमेदवार असा पडला की त्याला स्वतःलाही आपण उभे होतो की नव्हतो याची शंका यावी. दिल्लीत मात्र सरकार आलं ते भलंमोठं बहुमत घेऊन आलं. रेडिओवरचा माणूस जागा मोजता मोजता दमला.

दुसऱ्या दिवशी बाजारात एका धान्याच्या व्यापाऱ्यानं सासऱ्यांना भर रस्त्यात अडवलं आणि म्हणाला, "काय सेठजी, आता पाच वर्सं कुठी लपसान?"

"लपाले चोर आहो का मी?" सासरे ओरडले. "हे सरकार हाये तोवर मी गावाच्या बाहेर पाय टाकणार नाई! इथंच दिसीन तुले रोज, या गादीवर!"

आता याला कोणी शपथ म्हणत नाही. माणूस रागात काहीही बोलतो, दोन दिवसांनी विसरतो. सासरेही विसरले असते. पण आमचं घर जैन, आणि चैत्रात महावीर जयंतीला एक महाराज पायी विहार करत करत आमच्या गावी मुक्कामाला आले. प्रवचनात त्यांनी नेमकं दिग्व्रत सांगितलं. म्हणजे चारही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची एक हद्द ठरवायची आणि ठरवलेला काळ ती ओलांडायची नाही. जितकं कमी फिराल तितकी हिंसा कमी, हाव कमी. प्रवचन संपल्यावर कोण काय नियम घेतो असं त्यांनी विचारलं. कोणी चार महिने रात्री न जेवण्याचा घेतला, कोणी महिनाभर तूप सोडलं. आमचे सासरे ताडकन उठले. त्यांच्यामागे नवरा उठला, आणि नवऱ्यामागे मी, डोक्यावरचा पदर सावरत. घरचा कर्ता उठला की घर उठतं, अशी आमच्यात रीतच होती. मला लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि पोटात पाचवा महिना होता.

सासऱ्यांनी हद्द सांगितली. पूर्वेला नाल्याचा रपटा, पश्चिमेला कापसाच्या जिनिंगची भिंत, उत्तरेला आमचं शेत, दक्षिणेला स्मशान. स्मशान त्यांनी आठवणीनं हद्दीच्या आत घेतलं. मेल्यावर अडचण नको.

"और अवधि?" महाराजांनी विचारलं.

"हे दिल्लीतलं सरकार हाये तोवर."

महाराज थोडे गोंधळले. "पाँच साल बोलो ना."

"नाई महाराज. सरकार हाये तोवर."

मी तेव्हा त्यांच्याकडे पदराआडून पाहत होते आणि मला त्यांच्या डोळ्यांत दुकानदार स्पष्ट दिसला. त्यांची खात्री होती की हे सरकार दोन वर्षांत गडगडणार. मग पाच वर्षं कशाला बांधून घ्यायची? गिऱ्हाईक जसं ठाण उघडायच्या आधीच भाव पाडून मागतं, तसा हा देवाशी केलेला सौदा होता. महाराजांनी हात वर केला, मंत्र म्हटला, आम्ही तिघांनी हात जोडून मान लववली. घरी येताना सासरे खूष होते. मला मात्र रस्त्यात एकदम कळलं की माझं माहेर केनवडला आहे, केनवड रिसोड तालुक्यात आहे, आणि तिकडं जाणारी एस.टी. रपट्यापलीकडे उभी राहते.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझं कामरगावात झालं. आई केनवडहून दोन बस बदलून आली, आल्या आल्या हातपाय न धुता सासऱ्यांना म्हणाली, "तुमी राजकारण करा, पण पोरीचं माहेर काहून बंद केलं?" सासऱ्यांनी तिला पाणी दिलं आणि दुकानात जाऊन बसले. श्रावणात मुलगी झाली. गोरीपान, दाट जावळाची. सासऱ्यांनी गावभर पेढे वाटले. हद्दीच्या आतल्या गावभर.

सुरुवातीची वर्षं लोकांना आमची गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर मलाही. कापडाचं दुकान चालवायचं आणि माल पाहायला जायचं नाही, म्हणजे काय होतं ते तेव्हा कळलं. पूर्वी सासरे अमरावतीला जाऊन ठाण ठाण हाताळून माल निवडायचे. आता जीपवाल्याच्या हाती निरोप धाडायचा आणि तिकडचा व्यापारी त्याच्याकडे जे पडून असेल ते बांधून पाठवायचा. एका दिवाळीला त्यानं झंपराचं सगळं कापड एकाच नक्षीचं पाठवलं. जांभळ्यावर पिवळी फुलं. दुसरं काही आलंच नाही. त्या दिवाळीत कामरगावातली पाटलाची सून, शाळेतल्या बाई, भाजीवाली, मी, सगळ्या एकाच फुलांत. बाहेरगावहून आलेला एक पाहुणा म्हणाला, इथं काय बायकांची पलटण आहे का? सासरेही हसले. त्यांना अजून वाटत होतं, आजउद्या सरकार पडेल.

सरकार पडलं नाही. ते चांगलं पाय रोवून उभं होतं. युद्ध जिंकलं, दुष्काळ आला, दुष्काळ गेला, पेपरात मोर्चे यायला लागले. सासरे रोज सकाळी पेपरची घडी उघडून आधी पहिलं पान बघायचे आणि हिरमुसून आतल्या पानावर जायचे. नवरा काही बोलत नसे. तो स्वभावानंच मुका. पण मुका म्हटलं की मला पुढचं सांगावं लागतं.

मुलगी दीड वर्षाची झाली तरी बोलेना. आई म्हणाली, काही पोरं उशिरा बोलतात. सासरे म्हणाले, बापावर गेली. एके दुपारी मी स्वयंपाकघरात होते, ती उंबऱ्याजवळ माझ्याकडे पाठ करून बसली होती. माझ्या हातून पितळी परात फरशीवर आदळली. शेजारची बाई धावत आली, दुकानातून नवरा आला. पोरीनं मान वळवली नाही. ती हातातल्या चिंधीला गाठ मारत होती. मी परत परात उचलली आणि मुद्दाम आदळली. मग पुन्हा. शेजारणीनं माझा हात धरला.

गावच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. मानोऱ्याकडच्या, छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातल्या, पगारातून दोन भावांना शिकवणाऱ्या. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या. त्यांनीच मुलीला नीट तपासलं, डॉक्टरांना दाखवलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की हिला ऐकू येत नाही आणि येणारही नाही. "पण वहिनी, अमरावतीले अशा पोरायची शाळा हाये. ओठ पाहून समजाले शिकवते. बोलालेबी शिकवते थोडंफार. फक्त पोट्टी पाच वर्साच्या आत गेली पाह्यजे. मंग जड जाते."

"तिथं ठेवाव लागते का?"

"ठेवाव तं लागतेच. पण पहिले काही हप्ते मायनं तिच्यासंग राहाव लागते. मायलेबी शिकवते ना, घरी कसं बोलाचं ते. माय नसन तं घेतच नाई."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. अमरावती काही सातासमुद्रापलीकडे नव्हती. सकाळच्या बसनं गेलं तर माणूस जेवायच्या वेळेला पोचत होता. केनवडहून माझा भाऊ आला, म्हणाला, "बाई, मी नेतो पोरीले." तो खरंच त्या शाळेत जाऊन विचारून आला. त्यांनी त्यालाही तेच सांगितलं, आई हवी.

नर्सबाईंना नियमाचं कळलं तेव्हा त्या चिडल्याच. त्या मला म्हणाल्या, "आमीबी प्रतिज्ञा घेतल्या ना वहिनी, माह्या बापानं घेतल्या. पण त्या दार उघडाले घेतल्या. तुमच्या सासऱ्यानं दार लावाले कायले घेतली?" मी त्यांना एवढंच म्हणाले, की हात मीही जोडले होते. कोणी माझे धरून जोडले नव्हते. हे त्यांना पटलं नाही आणि मला तरी कुठं पूर्ण पटत होतं. आमच्याकडे लहानपणापासून हे असं अंगात भिनवतात की नियम घेतल्यावर तो आपला आणि आपल्या जीवाचा असतो, त्यात तिसरा नाही. तिथं कोणाला लाच देता येत नाही.

तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. मी बोटांवर हिशेब केला. शहात्तरच्या फाल्गुनात सरकारची पाच वर्षं भरतात. निवडणूक होईल. पडो की पुन्हा निवडून येवो, हे सरकार संपून नवं बसेल, आणि आमचा नियम सुटेल. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पोरगी पाचाच्या आतच असेल. बसतंय. अगदी काठाला, पण बसतंय. मी सासऱ्यांना हा हिशेब सांगितला. त्यांनी नातीकडे पाहिलं, तिला उचलून गादीवर बसवलं, आणि म्हणाले, "बसते, सूनबाई. पाच वर्सं म्हणजे पाच वर्सं. त्याच्यावर कोणाचं सरकार राहते?"

ते तिच्यावर जीव टाकत होते, हे सांगायला पाहिजे. कापड मोजायचा गज ती दोन्ही हातांनी धरायची आणि ते तिच्या हातांवर आपले हात ठेवून ठाण मोजायचे. गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालेल.

संध्याकाळी मी तिला फिरायला न्यायची. जायचं कुठं? रपट्यापर्यंत. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका फरशीचा पूल. त्याच्या अलीकडे एक दगड होता, त्यावर आम्ही बसायचो. पलीकडे एस.टी. यायची, धुरळा उडायचा, माणसं उतरायची, चढायची. बस दिसली की मुलगी धावत सुटायची. मग मी तिच्यापुढे तळहात उभा धरायची. बस, इथपर्यंत. पुढं नाही. आमच्या घरात हाताच्या खुणा हळूहळू आपोआप तयार झाल्या होत्या. जेवण, पाणी, आजोबा, झोप. पण सगळ्यांत पक्की खूण ही. तिला कारण कुठल्या खुणेनं सांगणार? तिनं एवढंच शिकून घेतलं की रपट्यापाशी आलं की माणूस थांबतो आणि हात उभा करतो. पुढे पुढे मला हात धरावा लागेना. ती स्वतःच दगडापाशी पोचली की थांबायची, माझ्याकडे वळायची आणि तळहात उभा करून हसायची. बघ, मला येतं.

मग पंचाहत्तरचा तो पावसाळा आला आणि गावातली माणसं हळू आवाजात बोलायला लागली. बाजारात सरकारचा विषय निघाला की जो तो उठून जायचा. आमच्या घराला तर वेगळीच धास्ती. सेठजी गाव सोडत नाहीत हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, आणि कशासाठी तेही. एक दिवस पोलिसपाटील दुकानात येऊन बसले, चहा झाला, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "सेठजी, तुमी परवा त्या बाहेरगावच्या लग्नाले आले नाई. काहून जी, कुठी जात नाई तुमी?"

सासरे म्हणाले, "गुडघे. गुडघे लय दुखते."

त्या दिवसापासून आमच्या घरात गुडघेदुखी सुरू झाली. कोणी आलं की सासरे गुडघ्यावर हात चोळायचे. कोणी नसलं तरी चोळायचे. एकदा मला म्हणाले, "सूनबाई, हे पडाव असं मनात आणाचीबी भीती वाटते. अन् आपलं कुलूप तं त्याच चावीनं उघडते." मी फक्त फाल्गुनाकडे डोळे लावून बसले होते.

त्या हिवाळ्यात दुसरे एक महाराज गावी आले. मी नवऱ्याला न सांगता त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. मुलगी मांडीवर होती. प्रायश्चित्त देऊन नियमातून सोडवता येईल का, असं विचारलं. त्यांनी विचारलं, किती राहिलं? म्हटलं, फाल्गुनापर्यंत. ते फार मायेनं म्हणाले, "बेटी, इतना ही रहा है तो तोड़ती क्यों है? पूरा कर ले." मी पाया पडून घरी आले. खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. थोडंच तर राहिलं होतं.

फाल्गुन लागायच्या आधीच एका सकाळी रेडिओवर बातमी आली. लोकसभेची मुदत एक वर्षानं वाढवली होती.

मी चुलीवर भाकरी टाकत होते. पहिल्यांदा मला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. सासरे ओट्यावर दात घासत होते, ते तसेच बसून राहिले, तोंडात राखुंडी. कधी नव्हे तो नवरा बोलला. "आपुन पाच वर्सं धरली होती. महाराज पाचच म्हणत होते. पाच झाली तं सुटलो."

"म्या पाच नाई म्हटलं," सासरे म्हणाले. "म्या सरकार म्हटलं."

"पण बाबा—"

"महाराज पाच म्हणून राह्यले होते. म्याच नाई म्हटलं."

भाकरी करपली. मी ती चुलीतून ओढली आणि अंगणात भिरकावली. इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल, आणि तो नेमका कोणाचा करावा हे कळत नव्हतं. दिल्लीत कोणीतरी बसून वर्ष वाढवलं, त्याला काय ठाऊक की कामरगावात एका पोरीचं पाचवं वर्ष सरत आलंय. सासऱ्यांनी पैज मारली, त्यांना तरी काय ठाऊक की सरकार स्वतःचं आयुष्य स्वतःच वाढवून घेतं. असं होऊ शकतं हे त्या महाराजांनाही माहीत नव्हतं. आणि मी, मी कशाला उठले होते त्या दिवशी नवऱ्यामागे?

जून आला. नर्सबाई रोज दवाखान्यातून येता-जाता माझ्याकडे बघायच्या. एक दिवस सासऱ्यांनी मला दुकानात बोलावलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं.

"सूनबाई, तू जाय पोरीले घेऊन."

मी गादीपाशी खाली बसले.

"तुहा नियम मोडन. पण तो म्या घ्याले लावला, म्हणून त्याचा भार माह्यावर. तू रपट्याच्या पलीकडं गेली की मी अन्न सोडतो. तू वापस येवोस्तोवर. म्हणजे बरोबरी होते."

"अन् मले तिथं महिना लागला तं?"

"तं महिना."

ही धमकी असती तर बरं झालं असतं. धमकीला उलटं बोलता येतं. ते धमकी देत नव्हते, हिशेब मांडत होते, आणि त्यांनी एकदा म्हटलं की ते करणार, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. सत्तरीकडे झुकलेला माणूस. मी म्हटलं, "मामाजी, असं नोका करू." त्यांनी मान हलवली. "याच्यापेक्षा सोपं मले काही सुचत नाई."

तरी मी निघाले. ट्रंक नव्हती, पिशवी भरली. मुलीला नवं झबलं घातलं, केस विंचरले. नवरा पिशवी घेऊन रपट्यापर्यंत आला. सकाळची बस पलीकडे उभी होती. मी दगडापाशी पोचले आणि मागे वळून पाहिलं. रस्ता सरळ असल्यामुळे आमच्या दुकानाची पायरी तिथून दिसायची. सासरे पायरीवर उभे होते. गुडघ्यावर हात नव्हता. कोणासमोर नाटक करायचं नव्हतं. नुसते उभे होते, धोतराचा सोगा हातात धरून.

माझा पाय उचलेना. कंडक्टरनं हाक मारली, "येता का नाई बाई?" मी पाय उचलायचा प्रयत्न केला हे मला पक्कं आठवतं. मांडीत जोर दिला. पण मला बस दिसतच नव्हती, सासऱ्यांचं ताट दिसत होतं. मुलगी माझ्याकडे वर पाहत होती. मग तिनं, दरवेळी करायची तसा, तळहात उभा केला. मीच विसरले होते असं तिला वाटलं असणार. बस गेली. मी दगडावर बसले आणि मोठ्यांदा रडले. नवरा पिशवी धरून उभा राहिला. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती, माझं तोंड असं वाकडंतिकडं का होतंय ते तिला कळत नव्हतं.

त्या वर्षाचं मी काय सांगू. घर तेच, नाला तोच. मी संध्याकाळी रपट्यावर जायचं सोडून दिलं, मग मुलगीच मला ओढून न्यायची. दिवाळीनंतर पुन्हा बातमी आली, मुदत आणखी एक वर्षानं वाढवली. सासऱ्यांनी रेडिओ बंद केला. मला वाटलं, आता हे असंच. दरवर्षी एक वर्ष. मुलगी मोठी होईल, तिचे केस पिकतील आणि आम्ही त्या दगडावर बसलेले असू. नर्सबाईंची तेवढ्यात बदली झाली. जाताना त्या मला भेटायला आल्या आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

आणि मग संक्रांत होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच, कोणाच्या ध्यानीमनी नसताना निवडणूक जाहीर झाली.

मी पहिल्यांदा मत दिलं ते त्या वर्षी. गावच्या शाळेत, म्हणजे हद्दीच्या आत. रांगेत बायका कुजबुजत होत्या, कोणी महागाईचं बोलत होती, कोणी नसबंदीचं. लोकांनी कशासाठी मत दिलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी रपट्यापलीकडे जायला मत दिलं. आणि आमच्या भागात निवडून कोण आलं? त्याच पक्षाचा माणूस. आमच्या सगळ्या वऱ्हाडात तेच. सासरे गादीवर आडवे झाले, म्हणाले, "झालं. आपल्या इथं तं तेच आलं." पण दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवाला दुकानासमोर करकचून थांबला आणि खाली न उतरताच ओरडला, "सेठजी! दिल्लीत पडलं! सरकार पडलं जी!" सासरे उठून बसले. त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, कोणी ऐकतंय का. मग त्यांना आठवलं की आता ऐकलं तरी चालतं.

नियम पुरा व्हायला नवं सरकार शपथ घेईपर्यंत थांबायचं, असं त्यांनी ठरवलं. ते झालं त्या सकाळी आम्ही देवळात जाऊन आलो. सासऱ्यांनी सुपारी ठेवली, हात जोडले. मी पिशवी आधीच भरली होती. शाळेत भावानं विचारून ठेवलं होतं, ते म्हणाले होते, उशीर झालाय, पण आणा, बघू. सासरे आमच्याबरोबर रपट्यापर्यंत आले. मी म्हटलं, "मामाजी, आधी तुमी टाका पाय." त्यांनी रपट्याकडे पाहिलं, एक पाऊल टाकलं आणि थांबले. "गुडघे दुखून राह्यले," ते म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत. खरंच दुखत होते. ते दगडावर बसले.

नवरा पुढे जाऊन बसपाशी उभा राहिला. मी मुलीचा हात धरला आणि रपट्यावर पाय ठेवला. सहा वर्षांनी माझ्या पायाखाली ती फरशी आली. मला पळत सुटावंसं वाटलं. आणि माझा हात मागे ओढला गेला.

मुलगी दगडापाशीच उभी होती. तिनं तळहात उभा केला. मी हसून मान हलवली, चल म्हणून खूण केली. तिनं दोन्ही हातांनी माझा पदर धरला आणि सगळं अंग मागे झोकून दिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी चूक करतेय, माझं काहीतरी होणार, असं तिला वाटत होतं. ती हात उभा करत होती, पुन्हा पुन्हा, माझ्या तोंडासमोर, आणि तिच्या घशातून असा आवाज येत होता जो मी तिच्या जन्मापासून कधी ऐकला नव्हता. बसमधली माणसं खिडकीतून बघायला लागली. "काय झालं बाई पोरीले?" कंडक्टरनं विचारलं.

काय सांगू? तिनं कुठला नियम घेतला नव्हता. ती तेव्हा जन्मलीही नव्हती. आम्ही तिघं सुटलो होतो, देवळात हात जोडून रीतसर सुटलो होतो. दिल्लीत सरकार बदललं, हे त्या पोरीला मी हातांनी कसं सांगू? सरकारची खूण कोणती? संपलं याची खूण कोणती? आमच्या घरात ती खूणच तयार झाली नव्हती. दगडावर बसलेले सासरे तिला जा म्हणून हात हलवत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेवटी मी तिला उचललं. ती लाथा मारत होती. रपट्याच्या मध्यावर तिनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि अंग ताठ केलं. बस सुटल्यावरही तिनं बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

शाळेनं तिला घेतलं. मी तिच्याबरोबर राहिले. तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी मला सरळ सांगितलं, की ओठ वाचायला हिला जड जाईल, बोलणं फारसं येणार नाही. हातांनी मात्र शिकेल. मग एक दिवस त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घरी दारात आल्यावर हात दाखवायची पद्धत आहे का?" मी म्हटलं, कशी? त्यांनी करून दाखवलं. वर्गाचं दार असो, जेवणघराचं असो, नाहीतर फाटक, ती दारापाशी थांबायची, तळहात उभा करायची आणि कोणीतरी हात धरून आत नेईपर्यंत हलायची नाही. त्यांना तो नमस्कार वाटला होता.

ते नवं सरकारही पाच वर्षं टिकलं नाही. एरवी मी तिला रविवारी भेटायला जायची, पण एकोणऐंशीच्या पावसाळ्यात ते गेल्याची बातमी पसरली त्या दिवशी मी आठवड्याच्या मधेच गेले होते, अंगात ताप असल्याचा निरोप आला होता म्हणून. बसस्टँडवर जो तो तेच बोलत होता, पडलं, पडलं. मी भराभर चालत शाळेत पोचले. ताप उतरला होता. मला पाहून ती धावत आली, फाटकापर्यंत. फाटक सताड उघडं होतं. ती आतल्या बाजूला थांबली, हसली आणि तळहात उभा केला. मी आत गेले, तिचा हात धरला आणि तिला बाहेर घेऊन आले.